घरचा वेब सर्व्हर बाहेरून उघडत नाही? आतून बाहेर, टप्प्याटप्प्याने तपासा

जुन्या लॅपटॉपवर किंवा रास्पबेरी पायवर वेब सर्व्हर बसवला, घरातल्या वायफायवर पान झटक्यात उघडतंय, पण बाहेरच्या कुणाला लिंक पाठवली की त्याच्याकडे नुसतं चक्र फिरत राहतं. घरी सर्व्हर चालवायला घेतलेल्या बहुतेकांची गाडी इथे अडते. मीही यातून गेलो आहे, आणि नंतर ओळखीच्यांचे सर्व्हर सुरू करून देताना एक गोष्ट वारंवार पाहिली आहे: सगळ्यात जास्त वेळ जातो तो दिसेल ती सेटिंग बदलून बघण्यात. मग पाच गोष्टी बदलल्यावर अचानक पान उघडलं तरी ते कशामुळे उघडलं ते कळत नाही, आणि मध्येच बंद केलेली फायरवॉल (नको त्या जोडण्या अडवणारी व्यवस्था) तशीच बंद राहून जाते.

बाहेरून आलेल्या विनंतीचा मार्ग ठरलेला असतो. डोमेनच्या (साइटच्या) नावावरून पब्लिक आयपी, म्हणजे तुमच्या जोडणीचा जगाला दिसणारा आकडी पत्ता मिळतो, विनंती त्या पत्त्यावर म्हणजे तुमच्या राउटरपर्यंत येते, राउटर ती आतल्या मशीनकडे पाठवतो, त्या मशीनची फायरवॉल तिला आत घेते आणि मग वेब सर्व्हर उत्तर देतो. उत्तरालाही तेवढाच रस्ता परत कापायचा असतो. यातला नेमका कुठला टप्पा तुटलाय ते आधी शोधायचं आणि मगच हात लावायचा. म्हणून सर्व्हरपासून सुरुवात करून बाहेर बाहेर जायचं.

हाताशी काय असू द्या

- राउटरच्या अ‍ॅडमिन पानाचं लॉगिन. हा वायफायचा पासवर्ड नव्हे. बहुतेक वेळा राउटरच्या खालच्या स्टिकरवर असतो.
- सर्व्हरवर टर्मिनल आणि अ‍ॅडमिनचे अधिकार.
- मोबाइल डेटा असलेला फोन. बाहेरून तपासायला तोच वापरायचा आहे.
- डोमेन घेतलं असेल तर त्याच्या डीएनएस नोंदी (नाव आयपीशी जोडणाऱ्या) बदलण्याचं लॉगिन.
- लिनक्सवर एसएस, कर्ल, डिग आणि टीसीपीडंप या कमांड. शेवटच्या दोन बऱ्याचदा वेगळ्या बसवाव्या लागतात.
- एक कागद. चार-पाच आयपी पत्ते लिहून ठेवावे लागतील; डोक्यात ठेवायला गेलात तर गल्लत होते.

१. एरर नीट वाचा

‘उघडत नाही’ हे फार ढोबळ झालं. कसं उघडत नाही, यावरून अर्धा शोध संपतो.

ब्राउझर बराच वेळ थांबून ‘टाइमआउट’ म्हणत असेल, तर विनंती वाटेत कुठेतरी गिळली जातेय: राउटरवर, फायरवॉलमध्ये किंवा इंटरनेट कंपनीकडे. लगेच ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आलं, तर कुणीतरी उत्तर दिलंय, पण त्या पोर्टवर (मशीनच्या नंबर दिलेल्या दारावर; वेबसाठी ८०, एन्क्रिप्टेड वेबसाठी ४४३) ऐकणारं कुणी नाही. नावच सापडत नाही असा एरर असेल तर गडबड डीएनएसमध्ये आहे. थेट नवव्या टप्प्यावर जा.

आणि ४०३, ४०४ किंवा ५०२ असा आकडा दिसत असेल, तर आधी तो आकडा कुठला सर्व्हर देतोय ते लॉगमध्ये (सर्व्हरच्या नोंदवहीत) बघा. तुमच्याच लॉगमध्ये ती विनंती नोंदलेली असेल, तर नेटवर्क ठीक आहे. ५०२ म्हणजे पुढचा एनजिनएक्स (वेब सर्व्हरचा प्रोग्राम) चालू आहे, पण त्याच्या मागचं अ‍ॅप्लिकेशन पडलंय. जँगो हे पायथनचं वेब फ्रेमवर्क वापरणाऱ्यांना ४०० दिसला तर परवानगी दिलेल्या होस्टच्या यादीत आपलं डोमेन टाकलंय का ते पाहावं. अशा वेळी राउटरला हात लावण्याचं काहीच कारण नाही.

२. सर्व्हर ऐकतोय का, आणि कुणाचं ऐकतोय

सर्व्हरवरच टर्मिनल उघडा आणि एसएस कमांड टी, एल, एन, पी हे चार पर्याय जोडून, सुडोसकट (म्हणजे अ‍ॅडमिनच्या अधिकाराने) चालवा. विंडोजवर हेच काम नेटस्टॅट करते. तिला ए, एन, ओ जोडा. कुठला प्रोग्राम कुठल्या पत्त्यावर आणि पोर्टवर ऐकतोय याची यादी येईल.

त्यात ०.०.०.०:८० किंवा *:८० दिसलं तर उत्तम; सर्व्हर सगळ्या दिशांनी ऐकतोय. पण १२७.०.०.१:८० दिसलं, तर तो फक्त स्वतःच्याच मशीनचं ऐकतोय. मग राउटरवर कितीही फॉरवर्डिंग (बाहेरची विनंती आतल्या मशीनकडे वळवणं) करा, बाहेरून पान उघडणार नाही. फ्लास्क आणि जँगोचे डेव्हलपमेंट सर्व्हर मुळात असेच सुरू होतात, अनुक्रमे ५००० आणि ८००० पोर्टवर. ते तसेच राहू द्या आणि पुढे एनजिनएक्स किंवा अपाची उभा करा. डेव्हलपमेंट सर्व्हर थेट इंटरनेटवर उघडणं धोक्याचं आहे, कारण त्यांच्या डीबगच्या सोयी परक्याच्या हाती लागू शकतात.

३. घरातल्या दुसऱ्या मशीनवरून बघा

सर्व्हरचा आतला पत्ता काढा. समजा तो १९२.१६८.१.५० आहे. आता त्याच वायफायवरच्या दुसऱ्या लॅपटॉपवरून हा आकडा ब्राउझरमध्ये टाका. सर्व्हरवर बसून ‘लोकलहोस्ट’ उघडून पाहणं ही चाचणी धरायची नाही, कारण ती विनंती मशीनच्या बाहेर पडतच नाही.

इथेच अडलं तर बहुतेक वेळा मशीनची फायरवॉल आडवी आलेली असते. उबुंटूवर यूएफडब्ल्यू, फेडोराच्या कुळात फायरवॉलडी. विंडोजमध्ये एक खास सापळा आहे: नवीन नेटवर्कला ते ‘पब्लिक’ समजतं, आणि तुम्ही नियम ‘प्रायव्हेट’साठी बनवलेला असतो. दोन्ही डोळ्यांखालून घाला. फायरवॉल पूर्ण बंद करू नका. फक्त ८० आणि ४४३ हे टीसीपी पोर्ट उघडा.

दुसरं मशीन राउटरच्या गेस्ट वायफायवर असेल तर ही चाचणी खोटी ठरते. गेस्ट नेटवर्कवरून आतली मशीन दिसू न देणं हेच त्याचं काम आहे.

४. पोर्ट फॉरवर्डिंगच्या आधी दोन आकडे जुळवा

या लेखातला एकच टप्पा वाचणार असाल तर हा वाचा. फॉरवर्डिंगवर लोक आठवडेच्या आठवडे घालवतात आणि शेवटी कळतं की त्यांच्या जोडणीवर ते चालणंच शक्य नव्हतं.

राउटरच्या अ‍ॅडमिन पानावर ‘स्टेटस’ किंवा ‘वॅन’ या नावाचा भाग असतो. तिथला वॅन आयपी, म्हणजे राउटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता, कागदावर लिहा. मग आपला आयपी दाखवणारी कुठलीही साइट घरच्या जोडणीवरून उघडा आणि ती जो आयपीव्ही४ पत्ता (टिंबांनी जोडलेले चार आकडे) दाखवते तो शेजारी लिहा. त्या वेळी व्हीपीएन (वाहतूक दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणारा प्रोग्राम) बंद हवं.

दोन्ही आकडे सारखे असतील तर पुढे चला. वेगळे असतील तर वॅन आयपी कुठल्या गटातला आहे ते पाहा.

१००.६४ पासून १००.१२७ पर्यंत कशानेही सुरू होत असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात. आयपीव्ही४ मध्ये एकूण पत्ते सुमारे ४३० कोटी. जगाच्या मध्यवर्ती साठ्यातले शेवटचे गट २०११ च्या फेब्रुवारीत वाटून संपले, आणि २०१२ साली हा पट्टा खास इंटरनेट कंपन्यांच्या आतल्या वापरासाठी राखून ठेवला गेला. सीजीनॅट म्हणजे कंपनी अनेक ग्राहकांना मिळून एकच पब्लिक आयपी देते. बाहेरून आलेली विनंती कंपनीच्या यंत्रापाशी पोचते, पण ती तुमच्या घरी पाठवायची हे त्या यंत्राला ठाऊक नसतं. तुमच्या राउटरवर केलेलं फॉरवर्डिंग त्याच्यापर्यंत पोचत नाही. सरळ दहाव्या टप्प्यावर जा.

१९२.१६८, १०, किंवा १७२.१६ ते १७२.३१ ने सुरू होत असेल तर दोन शक्यता. एक म्हणजे घरातच दोन राउटर एकामागे एक लागलेत: कंपनीने बसवलेला फायबरचा डबा आणि त्याच्या मागे तुमचा स्वतःचा राउटर. दुसरी म्हणजे कंपनीच आपल्या जाळ्यात हे पत्ते वापरतेय, म्हणजे पुन्हा सीजीनॅटच. ओळखायचं कसं? कंपनीच्या डब्याचं अ‍ॅडमिन पान उघडा आणि त्याचा वॅन आयपी पाहा. तो जगाला दिसणाऱ्या आकड्याशी जुळला, तर अडचण घरातच आहे आणि ती तुम्हीच सोडवू शकता. डबा ‘ब्रिज मोड’मध्ये (तो फक्त जोडणी पुढे देतो, राउटरचं काम तुमचाच राउटर करतो) टाकून घेणं हा स्वच्छ उपाय, ते जमत नसेल तर दोन्हीकडे फॉरवर्डिंग करायचं, आधी डब्यावरून तुमच्या राउटरकडे आणि मग राउटरवरून सर्व्हरकडे.

५. सर्व्हरचा आतला पत्ता पक्का करा

राउटर आतले पत्ते भाड्याने दिल्यासारखे वाटून देतो. मुदत संपली की बदलू शकतात. काल १९२.१६८.१.५० वर असलेला सर्व्हर उद्या दुसऱ्याच आकड्यावर गेला, तर फॉरवर्डिंग रिकाम्या जागेकडे बोट दाखवत राहतं. राउटरमध्ये ‘डीएचसीपी रिझर्व्हेशन’ किंवा ‘अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन’ शोधून सर्व्हरच्या मॅक पत्त्याला (नेटवर्क कार्डाच्या ओळख क्रमांकाला) एक आकडा कायमचा बांधून टाका.

एक खाचखळगा: वायफाय आणि केबल यांचे मॅक पत्ते वेगळे असतात. रिझर्व्हेशन वायफायच्या मॅकवर केलं आणि नंतर सर्व्हरला केबल लावली, तर पत्ता बदलतो. सर्व्हर शक्यतो केबलवरच ठेवा.

६. पोर्ट फॉरवर्डिंग

राउटरनुसार याला ‘व्हर्च्युअल सर्व्हर’ किंवा ‘नॅट’ असंही नाव असतं. भरायच्या गोष्टी चारच: बाहेरचं पोर्ट, आतलं पोर्ट, आतला पत्ता आणि प्रोटोकॉल. वेबसाठी प्रोटोकॉल टीसीपी. पोर्ट ८० आणि ४४३ साठी दोन वेगळे नियम करा. ‘सोर्स पोर्ट’ असा रकाना असेल तर तो रिकामा सोडा. तिथे ८० भरलं की नियम कुणालाच लागू पडत नाही, कारण समोरच्याचा ब्राउझर स्वतःच्या बाजूने दर वेळी वेगळंच पोर्ट वापरतो.

‘डीएमझेड’ चालू करून सर्व्हर त्यात टाकण्याचा सल्ला तुम्हाला मिळेल. तो ऐकू नका. त्याने सर्व्हरची सगळी पोर्ट जगाला उघडी पडतात, ज्यांचा तुम्हाला पत्ताही नाही तीसुद्धा.

७. बाहेरून म्हणजे खरंच बाहेरून

फोनचं वायफाय बंद करा, मोबाइल डेटा चालू करा आणि पब्लिक आयपी ब्राउझरमध्ये टाका. घरच्या वायफायवरूनच पब्लिक आयपी उघडून पाहिला तर निकाल भरवशाचा नसतो. आतून निघून बाहेरच्या पत्त्यावरून परत आत वळायचं, याला ‘हेअरपिन’ किंवा ‘नॅट लूपबॅक’ म्हणतात आणि ते सगळ्या राउटरना जमत नाही. काही राउटर अशा वेळी स्वतःचं अ‍ॅडमिन पानच समोर ठेवतात आणि माणूस घाबरतो की हे जगाला दिसतंय. मोबाइल डेटावरून बघा. तिथेही अ‍ॅडमिन पान दिसलं तरच ‘रिमोट मॅनेजमेंट’ ताबडतोब बंद करा.

पोर्ट तपासणाऱ्या साइट वापरायला हरकत नाही, पण त्या वेळी वेब सर्व्हर चालू असला पाहिजे. ऐकणारं कुणी नसेल तर फॉरवर्डिंग बिनचूक असूनही त्या साइट पोर्ट ‘बंद’ दाखवतात.

काही कंपन्या घरगुती जोडणीवर बाहेरून येणारं ८० नंबरचं पोर्ट अडवतात. याचा छडा लावायला बाहेरचं ८०८० पोर्ट आतल्या ८० कडे पाठवा आणि पत्त्यापुढे :८०८० लिहून फोनवरून उघडा. ८०८० वर उघडलं आणि ८० वर नाही, तर संशयाची सुई कंपनीकडे वळते. मग ४४३ वर काम भागवता येतं. फक्त ४४३ साठी लागणारं लेट्स एन्क्रिप्टचं प्रमाणपत्र घेताना ८० पोर्ट लागणारी एचटीटीपी पद्धत सोडून डीएनएस पद्धत निवडा.

८. पॅकेट येतंय का, हे डोळ्यांनी बघा

इतकं करूनही अडलं असेल तर अंदाज बांधणं थांबवा. येणारं-जाणारं प्रत्येक पॅकेट (डेटाचा तुकडा) दाखवणाऱ्या टीसीपीडंप या एका कमांडीने उलगडा होतो. ती सर्व्हरवर सुडोसकट चालवा. इंटरफेस म्हणून ‘एनी’ द्या, पत्ते आकड्यांत दिसावेत म्हणून ‘एन’ जोडा आणि गाळणी म्हणून ‘पोर्ट ८०’ लिहा. आता फोनवरून, मोबाइल डेटावर, पान उघडा आणि स्क्रीनवर नजर ठेवा.

काहीच उमटलं नाही, तर विनंती सर्व्हरपर्यंत आलेलीच नाही. दोष राउटरचा, फॉरवर्डिंगचा किंवा त्याच्याही पुढचा. सर्व्हरच्या सेटिंग्ज सोडून द्या.

बाहेरच्या पत्त्यावरून ओळी येताहेत, प्रत्येकीत ‘फ्लॅग्ज’पुढे चौकोनी कंसात फक्त ‘एस’ आहे आणि तीच ओळ सेकंद-दोन सेकंदांनी पुन्हा पुन्हा येतेय: म्हणजे फोन दार ठोठावतोय आणि आतून उत्तर जात नाही. टीसीपीडंपला येणारं पॅकेट फायरवॉलच्या आधी दिसतं, त्यामुळे इथे जवळपास नेहमी सर्व्हरची फायरवॉलच सापडते. घरातून उघडतं आणि बाहेरून नाही असं असेल, तर फक्त स्थानिक पत्त्यांना परवानगी देणारा नियम शोधा.

‘एस’ नंतर लगेच तुमच्या सर्व्हरकडून ‘आर’ असलेली ओळ गेली, तर त्या पोर्टवर ऐकणारं कुणी नाही, किंवा फायरवॉल स्पष्ट नकार देतेय. फॉरवर्डिंगमधलं आतलं पोर्ट चुकलं की असं होतं.

आणि ‘एस’ नंतर ‘एस’ व टिंब अशी ओळ तुमच्याकडून जातेय, पण पुढे संभाषण सरकत नाही, तीच जोडी पुन्हा पुन्हा दिसतेय: म्हणजे उत्तर निघतंय, पण भलत्याच वाटेने. हे प्रकरण शोधायला अवघड, म्हणून दोन गोष्टी सांगून ठेवतो. सर्व्हरला हाताने पत्ता दिला असेल तर ‘गेटवे’च्या (बाहेर जाण्याच्या वाटेच्या) जागी नेमका तोच राउटर आहे का, ज्याच्यावर फॉरवर्डिंग केलंय? आणि सर्व्हरवर व्हीपीएन चालू आहे का? व्हीपीएन बाहेर जाणारी सगळी वाहतूक स्वतःकडे ओढतं. विनंती राउटरमधून येते आणि उत्तर व्हीपीएनच्या बोगद्यातून निघून जातं. टीसीपीडंपच्या नव्या आवृत्त्या ओळीत इंटरफेसचं नावही दाखवतात, त्यामुळे उत्तर कुठून बाहेर पडलं ते तिथल्या तिथे वाचता येतं. व्हीपीएन थोडा वेळ बंद करून बघा.

९. आकड्याने उघडतं, नावाने नाही

डिग किंवा एनएसलुकअपला डोमेन द्या. येणारा आकडा तुमच्या आजच्या पब्लिक आयपीशी जुळला पाहिजे. घरगुती जोडणीचा आयपी राउटर बंद-चालू केल्यावर बदलू शकतो, म्हणून बदललेला आयपी आपोआप नोंदवणारं डायनॅमिक डीएनएस लावून घ्या. बऱ्याच राउटरमध्ये ती सोय असतेच. नोंदीचा टीटीएल (ती किती वेळ साठवून वापरायची ती मुदत) ३०० सेकंद ठेवला तर बदल लवकर पोचतो.

‘ए’ नोंद (आयपीव्ही४ ची) बरोबर आहे म्हणून थांबू नका, ‘क्वाड ए’ही बघा. ती आयपीव्ही६ ची, म्हणजे पत्त्यांच्या नव्या, लांब पद्धतीची नोंद. जुनी, चुकीची क्वाड ए नोंद राहून गेली की काहींना साइट उघडते आणि काहींना नाही, कारण ज्यांच्याकडे आयपीव्ही६ आहे त्यांची मशीन आधी तिकडे धाव घेते. आयपीव्ही६ वापरत नसाल तर ती नोंद काढून टाका.

१०. सीजीनॅटमागे असाल तर

पहिला उपाय कंपनीला फोन. मागताना नेमकं मागा: ‘मला पब्लिक आयपीव्ही४ पत्ता हवा, सीजीनॅट नको.’ स्टॅटिक आयपी मिळाला तर चांगलंच, पण बदलणारा पब्लिक आयपीही डायनॅमिक डीएनएससोबत पुरतो, आणि तो स्वस्तात मिळण्याची शक्यता जास्त.

दुसरा उपाय आयपीव्ही६. सर्व्हरला २ किंवा ३ ने सुरू होणारा आयपीव्ही६ पत्ता मिळाला असेल तर तो सगळ्या जगासाठी आहे. त्याला फॉरवर्डिंग लागत नाही, फक्त राउटरच्या आयपीव्ही६ फायरवॉलमध्ये त्या पत्त्यासाठी ८० आणि ४४३ उघडावी लागतात. एफई८० ने सुरू होणारा पत्ता मात्र घरापुरताच. या उपायाची मर्यादा अशी की ज्यांच्याकडे फक्त आयपीव्ही४ आहे त्यांना तुमची साइट दिसणार नाही.

तिसरा उपाय बोगदा. सर्व्हर आतून बाहेर जोडणी करतो आणि बाहेरच्या विनंत्या त्याच जोडणीतून आत येतात, त्यामुळे सीजीनॅट आड येत नाही. पब्लिक आयपी असलेला लहानसा भाड्याचा सर्व्हर आणि त्याच्याशी वायरगार्ड (व्हीपीएनचा एक प्रकार) ही जोडी मला सगळ्यात पटते, कारण सगळं तुमच्या हातात राहतं. घरच्या बाजूला ‘पर्सिस्टंट कीपअलाइव्ह’ २५ सेकंद ठेवायला विसरू नका. नाहीतर काही वेळ शांतता गेली की सीजीनॅटचं यंत्र वाट बंद करतं. क्लाउडफ्लेअर टनेल सुरू करायला याहून सोपं आहे. मात्र तिथे एन्क्रिप्शन त्यांच्या सर्व्हरवर उलगडतं, म्हणजे मजकूर त्यांना दिसू शकतो. छायाचित्रांची जाहीर साइट असेल तर चालेल. घरची खासगी कागदपत्रं ठेवणार असाल तर विचार करा.

११. उघडल्याबरोबर त्याच दिवशी करायचं

वेब सर्व्हरचा लॉग उघडून पाहा. तुम्ही कधी न बसवलेल्या वर्डप्रेसचं लॉगिन पान आणि ‘डॉट एन्व्ह’ नावाची फाइल मागणाऱ्या विनंत्या दिसू लागतील. इंटरनेटवरचे सगळे पत्ते सतत चाचपणारे प्रोग्राम आहेत. तुमच्यावर कुणी डूख धरलेला नाही. त्यांना ४०४ मिळतोय तोवर काळजी नको, २००, म्हणजे ‘सापडलं’, मिळत असेल तर लगेच बघा काय उघडं पडलंय.

एसएसएच (दुरून टर्मिनल वापरायची सोय) बाहेर उघडलं असेल तर पासवर्डने लॉगिन बंद करून की वापरा. तपासणीसाठी उघडलेलं ८०८० काढून टाका. राउटरमधलं यूपीएनपी बंद करा, नाहीतर घरातलं कुठलंही उपकरण न विचारता पोर्ट उघडू शकतं. यूएफडब्ल्यूच्या भरवशावर डॉकर (प्रोग्राम वेगळ्या कप्प्यांत चालवणारं साधन) चालवत असाल तर सावध: डॉकरने जाहीर केलेली पोर्ट यूएफडब्ल्यूच्या नियमांना वळसा घालून उघडी राहतात. जे फक्त आतल्या वापराचं आहे, उदाहरणार्थ डेटाबेस, ते १२७.०.०.१ ला बांधा.

मग राउटर आणि सर्व्हर दोन्ही बंद करून पुन्हा चालू करा. दहा मिनिटांनी मोबाइल डेटावरून डोमेनच्या नावाने पान उघडा. सर्व्हर आपोआप सुरू झाला, आतला पत्ता तोच राहिला आणि डायनॅमिक डीएनएसने नवा आयपी पोचवला, तर लिंक पाठवायला हरकत नाही.